वाद तालमीत घाला

दरवर्षी पावसाळा सरता सरता युवा महोत्सव सुरू होतात, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो आणि मनोरुग्णांवरचं एखादं समूहनृत्य कुठल्या तरी रंगमंचावरून आपल्या फोनवर येऊन पोचतं. पुढचा वाद ठरलेला. एक बाजू विचारते, आजारी माणसांच्या यातनांवर टाळ्या घेताना लाज कशी वाटत नाही? दुसरी विचारते, मग विषय दडवूनच ठेवायचा का, आणि कलावंताने कुणाकुणाची परवानगी घेत फिरायचं? चार दिवस जुंपते आणि विरते. पुढच्या वर्षी वेगळी मुलं तेच नृत्य घेऊन उभी असतात: पांढरे ढगळ कपडे, मोकळे केस, डोकं धरून गरगर फिरणं, मध्ये एक जण आणि त्याच्याकडे बोट दाखवून हसणारे बाकीचे, शेवटी मिठी आणि पणती.

असं नृत्य करावं की नाही, या प्रश्नावर एवढी शक्ती घालवण्याची गरज नाही. करावं. ते चांगलं होतं की ओंगळ, हे विषयावर ठरत नाही आणि कलावंताच्या मनातल्या हेतूवर तर मुळीच नाही. तालमीत बघायला कोण बसलं होतं, कितव्या आठवड्यात बसलं होतं आणि त्याला काय विचारलं गेलं, यावर ते ठरतं. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलावून ‘काही आक्षेपार्ह नाही ना?’ असं विचारण्याला अभिप्राय घेणं म्हणत नाहीत. तो ना-हरकत दाखला झाला. ज्याच्यामुळे पावलांची, अंतराची, नजरेची, वेगाची मांडणी बदलते आणि बदलायला हाताशी दिवस उरलेले असतात, त्याला अभिप्राय म्हणावं.

‘करू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे आधी कबूल करायला हवं. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून रुग्ण बघायला जात. हा खुला प्रवेश १७७० मध्ये बंद झाला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात तर प्रकरण आणखी पुढे गेलं. तिथे डॉ. शार्को यांच्या व्याख्यानांत हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रिया श्रोत्यांपुढे आणल्या जात आणि त्यांना ठरावीक टप्प्यांनी झटके येत. त्यांची छायाचित्रं छापली गेली, ती पाहून आणखी लोक आले. १८९३ मध्ये शार्को गेले आणि तसले भव्य, टप्प्याटप्प्यांचे झटके पुढे विरळ होत गेले. बघणाऱ्यांना काय बघायचं आहे हे शरीर ओळखतं आणि तेच दाखवायला शिकतं, असा संशय यातून बळावतो. आजच्या नृत्यगटाला हा संशय जास्तच लागू पडतो. ‘वेडा’ कसा चालतो हे मुलांनी कुठे पाहिलेलं असतं? सिनेमात. आणि सिनेमातल्या नटाने? आधीच्या सिनेमात.

पण याच इतिहासातलं एक प्रकरण उलट दिशेला बोट दाखवतं. अमेरिकेतल्या ब्रिजवॉटर इथल्या मनोरुग्ण कैद्यांच्या रुग्णालयावर फ्रेडरिक वाइजमन यांनी ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट केला. तो १९६७ साली आला आणि रुग्णांच्या खासगीपणाचा भंग होतो या कारणाने मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनी त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी घातली. ती उठायला १९९१ उजाडलं. २०१७ मध्ये त्याच माहितीपटावरून नृत्यदिग्दर्शक जेम्स सूएल यांनी बॅले बसवला, वाइजमन स्वतः सोबत होते. ज्या गोष्टीसाठी चित्रपट अडला ती बॅलेत नाहीच: खऱ्या रुग्णाचा चेहरा. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ देत नाही. म्हणजे कॅमेऱ्याला जिथे दार बंद आहे, तिथे नाचणारं शरीर कुणाला उघडं न पाडता जाऊ शकतं. ‘रुग्णांचं खासगीपण जपायला नृत्य नको’ हा आक्षेप म्हणून टिकत नाही. टिकतो तो दुसरा: नृत्यात चेहरा पुसला जातो तसा माणूसही पुसला जातो, आणि सोळा जणांच्या रांगेत ‘रुग्ण’ नावाचा एकच प्राणी उरतो. या आक्षेपाला उत्तर निवेदनाने देता येत नाही, ते तालमीतच द्यावं लागतं.

सोळा जण एकाच वेळी, एकाच बाजूला मान झटकतात तेव्हा बसवणाऱ्याला तीव्रता दिसते. पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकाला कवायत दिसते, आणि वेळ अगदी अचूक साधली तर हसूही येतं. एकेका काउंटच्या अंतराने तीच हालचाल पुढे सरकवली तर सुंदर लाट तयार होते, ती त्याहून वाईट. त्यापेक्षा चार आठांचा (आठ काउंटचा तुकडा म्हणजे एक ‘आठ’) एकच क्रम सगळ्यांना द्यावा, सुरुवात आणि वेग ज्याचा त्याचा ठेवावा, आणि एकत्र येण्याच्या जागा मोजक्या बांधाव्यात: औषधाची घंटा, चहा, दिवे बंद. गोंधळ होईल अशी भीती असते आणि पहिले दोन-तीन दिवस तो होतोच. प्रत्येकाला ‘नवव्या आठच्या एकला मी कुठे आहे’ एवढं पक्कं असलं की तो ओसरतो. आता हिशोब बघा. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक आठ ४.८ सेकंदांचा, म्हणजे सहा मिनिटांच्या नृत्यात ७५ आठ. त्यातल्या किती आठांत एक रुग्ण दुसऱ्या रुग्णाशी काही करतो? वही घेऊन मोजलं तर बहुतेक रचनांत उत्तर शून्याच्या आसपास येतं. बोट दाखवतात ते ‘समाज’वाले, मिठी मारते ती ‘शहाणी’ मुलगी, रुग्ण आपला स्वतःभोवती फिरत राहतो. वॉर्डात मात्र माणसं एकमेकांना चहा ओततात, शेजाऱ्याच्या खाटेवर जाऊन बसतात, भेटीचा वार कुठला ते विचारतात. ज्याने असे दिवस काढलेत त्याला तालमीत बसवलं तर त्याच्या नजरेत आधी ही पोकळी भरते, चित्रविचित्र हावभाव नंतर.

तज्ज्ञालाही न दिसणारी आणखी एक जागा आहे, जरा थांबून बघण्यासारखी. स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचं युग १९५२ मध्ये क्लोरप्रोमझिनने सुरू झालं. या औषधांनी, विशेषतः जुन्या पिढीतल्या, काहींचं अंग ताठरतं. चालताना हात हलेनासे होतात, पावलं आखूड पडतात आणि घासत जातात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. काहींना एका जागी उभं राहवत नाही, वजन या पायावरून त्या पायावर चालूच असतं. वर्षानुवर्षांच्या औषधांनंतर काहींचे ओठ आणि जीभ आपोआप हलत राहतात. नाचणारी मुलं एखाद्या चित्रफितीत नेमक्या याच हालचाली पाहतात, ‘वेड’ म्हणून उचलतात आणि पहिल्याच प्रवेशात वापरतात. दाखवायचा असतो आजार आणि दाखवला जातो उपचार! डॉक्टर ही चाल रोज पाहतात, त्यामुळे तिचं त्यांना नवल नसतं. त्या गोळ्या घेतलेला माणूस ती एका नजरेत ओळखतो. मग ती चाल काढून टाकायची का? नाही, फक्त जागा बदलायची. आधी औषधांची रांग: बारा जण, प्रत्येकाला एक आठ. दोन काउंट पुढे सरकायचं, दोन हात पुढे, दोन गिळायचं, दोन तोंड उघडून जीभ उचलून दाखवायची, गोळी गिळली की नाही ते परिचारिकेला कळावं म्हणून. मग पुढच्या भागात एकेकाचे हात हलायचे थांबतात. एकही नवी स्टेप न घालता, दोन तुकड्यांची अदलाबदल करून, तेच नृत्य खोट्याचं खरं होतं. दुष्परिणाम दाखवले म्हणजे औषधं वाईट असं सुचवलं जाईल, ही भीतीही रास्त आहे. म्हणून रांगेनंतर तोपर्यंत धडपडणाऱ्या एखाद्याची झोपही स्थिर झालेली दिसायला हवी. दोन्ही खरं आहे.

विजेच्या उपचाराचं दृश्य असंच. दोन आठ सगळं अंग आचके देतंय, वर लाल दिवा. १९३८ मध्ये रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा तो भूल न देता होत असे, त्यामुळे दृश्य त्या काळाचं असेल तर ठीक. आजचं असेल तर खोटं आहे: मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो देताच येत नाही, माणूस झोपलेला असतो, हालचाल झालीच तर पावलाच्या टोकाशी. गंभीर नैराश्यातल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना या उपचाराचा निर्णय घ्यायचा असतो. त्यांच्यासमोर तुम्ही काय ठेवताय? ढगळ पांढऱ्या गणवेशाचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम २० नुसार रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे आणि सक्तीने मुंडण करता येत नाही. व्यवहारात हा हक्क सगळीकडे पाळला जातो असा दावा कुणी करू नये, पण गणवेश वापरायचाच तर तो टीका म्हणून वापरा, सवय म्हणून नको. लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल एवढंच: सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, प्रेक्षकांत अपस्माराचा, म्हणजे फिट येणारा, रुग्ण असू शकतो.

वेड रंगवण्याची जुनी, कसलेली उदाहरणं याच कारणासाठी पाहावीत. १८४१ साली पॅरिसमध्ये आलेल्या ‘जिझेल’ बॅलेत पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेचं भान हरपतं. केस सुटतात हे खरं, पण प्रसंग उभा राहतो दुसऱ्याच गोष्टीवर. आधी प्रियकराबरोबर नाचलेल्या स्टेप्स ती पुन्हा करू पाहते, तुटक, मधल्या जागा गाळून, जोडीला कुणी नसताना. मूळ नाच प्रेक्षकाला आठवत असतो म्हणून तुटणं जाणवतं. आपली मुलं पहिल्या काउंटपासून वेडी असतात. मोडायला काही घडलेलंच नसेल तर मोडलं हे दिसणार कशात?

‘हे रुग्ण म्हणजे रूपक आहे हो, खरा वेडा समाज’, हा बचाव मराठी मंचावर नेहमी ऐकू येतो, आणि त्याच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा येतात ते रूपक म्हणूनच. मग आजच्या मुलांनाच हटकायचं का? फरक एवढाच की भारुडातला बहिरा ‘मी’ म्हणून बोलतो. उणेपण गाणारा स्वतःवर ओढून घेतो, मग ऐकणाऱ्याला त्यात घेतो. आपल्या समूहनृत्यात बोट बाहेर जातं: आधी रुग्णाकडे, मग समाजाकडे, नाचणाऱ्याकडे कधीच नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. समितीने नृत्य बसत नाही, दहा जणांचं ऐकून धारदार रचना बोथट होते, ही तक्रार खरी आहे. पण बसवणाऱ्याच्या एकांतात कुणी नसतं हा भ्रम आहे. तिथे परीक्षक बसलेले असतात, न येताच. ‘एंडिंग पॉवरफुल करा’, ‘मधे लिफ्ट घ्या’, ‘इथे टाळी पडते’, हे सगळे अभिप्रायच आहेत, फक्त गैरहजर माणसांचे, आणि मिठी-पणतीचा शेवट त्यांनीच लिहिलेला आहे. तेव्हा अभिप्राय हवा की नको असा पर्यायच समोर नाही. कुणाचा, एवढंच निवडायचं आहे. नेमका कशावर मागितला यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास यासाठी चार पायऱ्यांची रीत बसवली: बघणाऱ्यांनी आधी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि मत शेवटी, तेही कलावंताने हो म्हटलं तर. रीत जरा गुळमुळीत आहे, आपल्याकडच्या तासभराच्या तालमीत ती पूर्ण मावत नाही. पण तिच्यातला क्रम मोलाचा आहे. मत आधी आलं की बसवणारा बचावाला उभा राहतो आणि पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही.

आपल्या सोयीने ती अशी वापरता येते. रचना एक तृतीयांश बसली की पहिला अभिप्राय, वेशभूषा आणि संगीत दोन्ही बंद. संगीत बंद कशासाठी? बासरीने करुण सूर लावला की बघणारा कळवळतो आणि पाय काय करताहेत ते बघत नाही. बघणारे तीन-चारच, त्यांनी फक्त दिसलेल्या क्रिया लिहायच्या आणि काउंट लिहायचा: ‘सहाव्या आठच्या पाचला डावीकडची तिघं थांबली, का ते कळलं नाही’. ‘अंगावर काटा आला’ या फेरीत चालत नाही, ‘तो मधला भाग’सुद्धा नाही. बसवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. ‘अहो, तिथे आम्हाला असं म्हणायचंय की’ हे शब्द उच्चारले की अभिप्राय संपला. प्रेक्षकांना ते स्पष्टीकरण मिळणार नाहीये. लिहून घ्यायला वेगळा माणूस. एका रननंतर, म्हणजे नृत्य सलग एकदा करून झाल्यावर, तीनच सूचना अमलात आणायच्या, सोळा जणांच्या डोक्यात त्याहून जास्त राहत नाहीत, आणि त्या लगेच करून बघायच्या. फोन मधल्या रांगेच्या उंचीवर, रचना पूर्ण दिसेल असा. पूर्ण ताकदीचे रन दिवसाला दोन पुरे, कारण मान झटकण्याने आणि गुडघ्यांवर पडण्याने दुसऱ्या आठवड्यात मुलं जायबंदी होतात आणि मग अंग चोरतात.

दुसऱ्या फेरीला पाहुणे, अर्ध्याहून जास्त दिवस हाताशी असताना. आजाराचा अनुभव असलेल्या किमान दोन व्यक्ती, कारण एकटी असली की तिच्यावर सगळ्या रुग्णांच्या वतीने बोलायची जबाबदारी येते. त्यांना मानधन आणि प्रवासखर्च. बांधण्याचं, किंचाळण्याचं दृश्य असेल तर फोनवर आधीच सांगायचं, खुर्ची दाराजवळ द्यायची, निदान विचारायचं नाही, स्वतःची कहाणी मागायची नाही. नातेवाइकांना वेगळ्या दिवशी बोलवावं, आई किंवा भाऊ शेजारी असला की बरेच जण त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात. परिचारिका मिळाली तर सोनं: दिनक्रम तिला पाठ असतो. आणि या पाहुण्यांना ‘दुखावलात का?’ विचारू नये. ‘कुठे काय दिसलं? कुठलं शरीर ओळखीचं वाटलं, कुठलं नाही?’ असं विचारावं. तिसरी फेरी सगळे विसरतात: केलेले बदल त्याच पाहुण्यांना पुन्हा दाखवणं.

‘मग रुग्णांनीच स्वतःवर नृत्य करावं, इतरांनी हात लावू नये’, असाही एक पवित्रा हल्ली असतो. रुग्णांनी केलेल्या कामाला मंच आणि बक्षीस मिळायलाच हवं. पण हा नियम केला तर नाचणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतःचा आजार जाहीर करावा लागेल. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. सोळा जणांच्या गटात एखाद-दुसरा असण्याची शक्यता चांगलीच आहे आणि तो सांगणार नाही. म्हणून तालमीत कुणालाही कारण न देता भूमिका बदलून मागता यावी, एवढी सोय पहिल्या दिवशीच सांगून टाकावी.

राहिला प्रश्न पाहुण्यांचंच आपसात न पटण्याचा. तो येतोच, बहुतेक बांधण्याच्या दृश्यावर. एकाचं म्हणणं, हे ठेवा, हे झालं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथल्या मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण मेले, ते विसरायचं का? दुसऱ्याला ते बघवत नाही. दोघांची सरासरी काढून दोरीऐवजी ओढणी वापरणं हा सगळ्यात वाईट मार्ग. इथे निर्णय बसवणाऱ्याचा, आणि तो शरीरातून घ्यायचा. सहा आठांचं दृश्य दोन आठांवर आणता येतं. दोरी काढून नर्तकाने स्वतःचंच मनगट धरलेलं ठेवता येतं. आणि बांधलेल्याचं तोंड प्रेक्षकांकडे, बांधणाऱ्यांच्या पाठी, अशी जी मांडणी आपोआप होते ती उलटी करून पाहता येते: बांधणाऱ्या चौघांचे चेहरे पूर्ण प्रकाशात, प्रेक्षकांकडे. दुसऱ्या पाहुण्याला तरीही ते नको वाटलं, तर त्याचा नकार आणि आपलं कारण तालमीच्या वहीत तारखेसह लिहावं, त्याला ते वाचून दाखवावं, आणि प्रयोगाच्या दिवशी हे दृश्य कितव्या मिनिटाला येतं ते प्रवेशदाराशी लावावं.